खाडीचं पाणी कोणाचं?

कोकण रेल्वे मंगळुरूच्या अलीकडे ठोकूरला संपते. कोकण मात्र तिथे संपत नाही. गाडी नेत्रावतीचा पूल ओलांडून केरळात शिरली तरी खिडकीबाहेर तोच जांभा, तेच माड आणि समुद्राकडे वळणाऱ्या त्याच खाड्या दिसत राहतात. फरक पडतो तो त्या खाड्यांच्या पाण्यात. कासरगोड मागे पडलं की पाण्यात लाकडी खांबांच्या रांगा दिसू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की कुणी मांडव घालायला घेतला आणि छप्पर घालायचं राहून गेलं. खरं तर ते शेत असतं. पीक खाली लटकत असतं, पाण्याच्या आत.

ते पीक म्हणजे काकई. गोव्यात तिला शिणाणे म्हणतात, उत्तर केरळात कडुक्का. हिरवट काळ्या, लांबट शिंपल्यांतला हा जीव आपल्या किनाऱ्यावरच्या खडपांना चिकटून वाढतो आणि ओहोटीला बायकांच्या हाती लागतो. केरळच्या या टोकाला मात्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याची दोरीवर शेती होते. ती पाहायला एप्रिलमध्ये निघालो. सोबत देवगड तालुक्यातल्या एका मित्राची बायको, आमच्या वहिनी होत्या. त्यांच्या बचतगटाने गावच्या खाडीत कालवं वाढवून पाहिली होती. मला खाडी बघायची होती, वहिनींना हिशोब.

पय्यनूरला उतरलो. या गावाचं नाव मिठाशी जोडलेलं आहे. १९३०च्या एप्रिलमध्ये के. केळप्पन कोळिकोडहून सत्याग्रहींची तुकडी घेऊन चालत इथे आले आणि इथल्या खाडीकाठी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. आज कडुक्क्याची शेती करणाऱ्यांचं नशीबही मिठावरच अवलंबून आहे, फक्त ते पाण्यात विरघळलेलं असतं.

पय्यनूरहून उत्तरेला पडन्न, चेरुवत्तूर, तृक्करिपूर अशी गावं कव्वायी कायलाच्या काठाने वसली आहेत. कायल म्हणजे समुद्राला समांतर पसरलेली खाडी. उत्तर केरळातली ही सर्वांत मोठी. तिच्या आणि अरबी समुद्राच्या मधे वलियपरंबा नावाची वीस-पंचवीस किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी आहे, इतकी अरुंद की काही ठिकाणी एका अंगणातून कायल दिसतं आणि मागच्या दारातून समुद्राची गाज ऐकू येते. पूर्वेकडून लहान लहान नद्या या कायलात उतरतात, टोकांकडून भरतीचं पाणी आत येतं. लाटा नाहीत, खोली माणसाच्या उंचीएवढी किंवा थोडी अधिक, आणि पावसाळा सोडला तर पाणी भरपूर खारं. कडुक्क्याला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

पडन्नच्या धक्क्यावर आम्हाला एक तरुण भेटला. आखातात बरीच वर्षं काढून परतला होता, त्यामुळे हिंदी चांगलं बोलत होता. त्याच्या आईचा गट शेती करतो आणि तो विक्री बघतो. त्याच्या होडीतून खांबांपर्यंत गेलो. बांबू आणि सुरूचे खांब तळाच्या गाळात ठोकलेले, त्यांवर आडवे वासे काथ्याने बांधलेले, आणि वाशांना हातभर अंतरावर दोऱ्या. त्याने पाण्यात हात घालून एक दोरी वर ओढली. मीटरभर लांबीच्या दोरीभोवती द्राक्षाच्या घडासारखी कडुक्की लगडली होती. दोरी उचलायला त्याला दुसरा हातही लावावा लागला.

"बी खंयसून आणतत?" वहिनींचा पहिला प्रश्न. मी तो हिंदीत विचारला.

बीज खडकांवरून येतं. पावसाळा संपला की कन्नूर-कोळिकोडच्या खडकाळ किनाऱ्यावर नखाएवढी पिल्लं दाटीने धरलेली असतात. ती खरवडून पोत्यांतून इथे आणतात. मग काम सुरू होतं ते बायकांचं. जाड दोरीभोवती पिल्लं पसरायची, वरून मच्छरदाणीच्या सुती कापडाची पट्टी गुंडाळायची आणि सुई-दोऱ्याने शिवून टाकायची. मीटरभर दोरीला साधारण दीड किलो बीज लागतं. दोरी पाण्यात सोडली की पिल्लं आपल्या पायाजवळच्या ग्रंथीतून चिवट धागे सोडतात आणि दोरीला घट्ट धरून बसतात. तोवर सुती कापड कुजून गळून जातं. नायलॉन वापरलं तर ते राहील आणि वाढत्या शिंपल्यांना आवळेल. कापड कच्चं असणं हीच त्यातली युक्ती.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावलेलं पीक एप्रिल-मेमध्ये काढायला येतं. दीड किलोच्या दोरीवर आठ-दहा किलो माल मिळतो. एवढ्या काळात शेतकऱ्याने त्याला काय खायला घातलं? काहीच नाही. खत नाही, औषध नाही, पेंड नाही. कडुक्का पाणी आत घेतो, कल्ल्यांवर त्यातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक आणि सेंद्रिय कण अडकवतो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. मोठा शिंपला तासाला काही लिटर पाणी असं गाळून काढतो. एका दोरीवर शेकडो शिंपले, एका मांडवावर शंभर दोऱ्या धरल्या, तर दिवसभरात किती पाणी गाळलं जात असेल याचा अंदाज यावा.

या गाळण्याचं महत्त्व कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गावांचं सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारं खत यांतला नत्र खाडीत उतरतो. त्यावर शेवाळ आणि प्लवक माजतात. ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे मरतात. शिंपले ते प्लवक खातात, त्यातला नत्र त्यांच्या मांसात आणि कवचात साठतो, आणि शिंपला बाहेर काढला की तेवढा नत्र खाडीतून कायमचा बाहेर जातो. पाणी निवळलं की ऊन खोलवर पोचतं. खांबांच्या आणि दोऱ्यांच्या आडोशाला कोळंबीची पिल्लं, खेकडे आणि लहान मासे आसरा घेतात. आमच्या होडीजवळच एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मांडवाजवळ मासा हमखास लागतो, हे त्याला कुणी शास्त्रज्ञाने सांगायची गरज नव्हती.

कोळंबीच्या तळ्यांशी तुलना केली की फरक ठळक दिसतो. कोळंबीला खाद्य विकत आणावं लागतं, त्या खाद्यात बहुधा मासळीची भुकटी असते, आणि उरलेलं खाद्य व विष्ठा यांनी गढूळ झालेलं पाणी शेवटी खाडीतच सोडलं जातं. कोळंबीवाला खाडीकडून पाणी घेतो आणि घाण परत करतो. कडुक्क्याच्या शेतकऱ्याला तसं करून चालत नाही, कारण त्याच पाण्यात त्याचं पीक तोंड उघडून बसलेलं असतं.

पण हे सगळं कौतुक एका मर्यादेतच खरं आहे. शिंपले गाळतात त्यातलं सगळंच पचवत नाहीत. बाकीचं विष्ठेच्या रूपाने तळाशी बसतं. मांडव फार दाट झाले आणि पाण्याची ये-जा मंदावली, तर खालचा गाळ काळा पडतो, त्याला वास सुटतो आणि तळातले जीव मरतात. शिवाय दाटीत वरच्या शिंपल्यांना पोटभर मिळतं आणि मधल्यांना उपास घडतो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं म्हणून ही शेती हवेतला कार्बन बंदिस्त करते, असा दावाही अधूनमधून वाचायला मिळतो. तो सरळ मान्य करता येत नाही, कारण कवच बनण्याच्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड बाहेरही पडतो. शिंपल्यांचं खरं काम पाण्यात आहे. हवेचं श्रेय त्यांना उगाच देऊ नये.

काठावर एका घराच्या पडवीत चार-पाच जणी काढणीचा माल वेगळा करत होत्या. घोस सोडवायचे, चिकटलेली बारनॅकल खरवडायची, धुऊन मोठे-लहान निवडायचे. गटाच्या म्होरक्या चेच्चींनी, म्हणजे ताईंनी, वहिनींना सरळ आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि हातात सुरी दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण थोड्या वेळात उघडलेल्या शिंपल्यांवरून दोघींचं एकमत झालं: नारिंगी मांसाची मादी, पांढुरकं मांस तो नर.

चेच्चींनी सांगितलेली गोष्ट या सगळ्या काठाची आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, कडुक्क्याच्या शेतीचे प्रयोग १९७०च्या दशकापासून विळिंजम आणि कोळिकोडला उघड्या समुद्रात केले होते. समुद्रात तराफे टिकवणं खर्चाचं आणि जोखमीचं होतं. तीच पद्धत शांत कायलात, उथळ पाण्यातल्या खांबांवर आणल्यावर ती गरिबाच्या आवाक्यात आली. सरकारी योजनांतून बायकांच्या गटांना कर्ज आणि अनुदान मिळालं. एका गटाचे पैसे सुटले, ते शेजारणीने पाहिले आणि खांब वाढत गेले. दशकभरात केरळचं शेतीतलं कडुक्का उत्पादन वर्षाला दहा हजार टनांच्या पुढे गेलं. घराजवळचं काम, पाच-सहा महिन्यांत हातात पैसा, आणि तो पैसा बाईच्या नावावरच्या खात्यात. विड्या वळण्यापेक्षा आणि दुसऱ्याच्या शेतात राबण्यापेक्षा हे बरं होतं.

"आणि पावसात?" वहिनींनी विचारलं.

जूनमध्ये नद्या फुगल्या की कायलाचं पाणी गोडं होतं. कडुक्क्याला ते सोसत नाही. धागे सुटतात, शिंपले मरून तळाशी पडतात. त्यामुळे मेअखेर सगळा माल बाहेर काढावाच लागतो. सगळे एकाच वेळी काढतात आणि भाव कोसळतो. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. ढग दिसू लागले की तो भाव आणखी पाडतो. निसर्गाने ठरवलेली तारीख शेतकरी लांबवू शकत नाही. माल उकडून, मांस काढून गोठवायची सोय जवळ असेल तरच त्याला थांबता येतं.

पुढची अडचण बीजाची. इतक्या गटांना पुरेल एवढं बीज खडकांवर दर वर्षी मिळेलच असं नाही. शिवाय खडकावरचे मोठे शिंपले काढून जगणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत शेतीवाले त्यांची पिल्लं खरवडून नेतात, त्यावरून भांडणं होतात. मधल्या वर्षांत शिंपले मोठ्या प्रमाणावर मरण्याचे प्रकार झाले, पर्किन्सस नावाच्या परजीवीचा शिरकावही आढळला. उत्पादन चढलं होतं तसं उतरलंही. पडन्नच्या काठाने फिरताना रिकामे, वाकलेले खांबही दिसतात, ते त्यामुळे.

दुपारी जेवणात अरिक्कडुक्का होता. तांदूळ वाटून त्यात नारळ, छोटा कांदा, बडीशेप आणि जिरं घालतात. उघडलेल्या शिंपल्यात ते वाटण दाबून भरतात, शिंपल्यासकट वाफवतात, मग कवच काढून तिखट-हळदीच्या मसाल्यात तळतात. मलबारात रमजानच्या संध्याकाळी हा पदार्थ हातगाड्यांवरही मिळतो. वहिनींनी बदल्यात तिसऱ्यांचं एकशिपी कसं करतात ते हातवाऱ्यांनी समजावलं. एका शिंपल्यात मांस ठेवून दुसरा टाकून द्यायचा, ही रीत चेच्चींना फार आवडली.

जेवणानंतर वहिनींनी मुद्द्याला हात घातला. "त्यांका विचारा, पाणी कोणाचा? उद्या कोणी येऊन 'काढा खांब' म्हणालो तर?"

प्रश्न ऐकून पडवीत जरा शांतता पसरली. मग तो तरुण म्हणाला, घरासमोरचं पाणी ज्याचं त्याचं, असं आम्ही आपसात धरून चालतो. केरळाने २०१०मध्ये अंतर्गत मासेमारी आणि मत्स्यशेतीचा कायदा करून परवान्याची पद्धत आणली, पण काठावरचा रोजचा व्यवहार अजून शेजारधर्मावरच चालतो. होड्यांना वाट सोडायची, दुसऱ्याच्या मांडवाचा प्रवाह अडवायचा नाही, जाळी टाकणाऱ्यांशी वाद घालायचा नाही. चांगल्या वर्षात हे निभतं. भाव पडला, जागा कमी पडली की शेजारधर्मही ताणला जातो.

या प्रश्नाचं एक उत्तर पाहायला आम्ही रात्रीच्या गाडीने दक्षिणेला कोल्लमकडे निघालो.

वाटेत एर्नाकुलम जिल्ह्यातल्या मूत्तकुन्नमला बायकांचे गट कालवं वाढवतात. तिथल्या कालवांना कोचीत जिवंत विक्रीची बाजारपेठ मिळाली ती शुद्धीकरणामुळे. शिंपला पाण्यातलं सगळंच गाळतो, तसे जंतूही साठवतो. म्हणून काढलेली कालवं गाळलेल्या, निर्जंतुक केलेल्या पाण्यात ठेवून त्यांचं पोट रिकामं होऊ देतात आणि मगच विकतात. शिंपल्यांच्या शेतीत पाण्याची तपासणी ही चैन नाही. ती नसेल तर एका आजारी गिऱ्हाईकापायी गावाचा धंदा बसतो.

कोल्लमचं अष्टमुडी कायल अनेक फाट्यांनी जमिनीत शिरलेलं आहे. २००२पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्याचं तोंड समुद्राला मिळतं तिथे नींडकराचं बंदर आहे, १९५३मध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे मत्स्य प्रकल्पाने आधुनिक मासेमारी जिथे रुजवली ते. या तोंडाजवळच्या वाळूत पूवन कक्का राहतो. आपल्या तिसऱ्यांच्या जवळचा. त्याची शेती नाही, तो नैसर्गिक आहे. छातीभर पाण्यात उतरून माणसं तो पायाने चाचपतात आणि जाळीदार पंजाने ओढून काढतात. काठावर मोठ्या भांड्यांत उकडून मांस वेगळं होतं, कवचं चुन्याच्या भट्टीकडे जातात.

१९८१च्या सुमाराला व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडून मागणी आली आणि निर्यात सुरू झाली. १९९१पर्यंत वर्षाला दहा हजार टनांपर्यंत काढणी पोचली. १९९३मध्ये ती निम्म्यावर आली. कारण सरळ होतं: वाढायच्या आत कक्का उचलला जात होता. मग सीएमएफआरआयच्या अभ्यासावरून नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ, तेव्हा काढणी बंद. जाळ्याच्या डोळ्याची किमान रुंदी ठरली, यंत्राने काढणीवर बंदी आली. निर्यातीच्या मांसालाही आकाराची अट लागली, म्हणजे व्यापाऱ्याने लहान माल घेणंच थांबवलं. काढणी पुन्हा सावरली. पुढे वर्ल्ड वाइड फंडाची भारतातली शाखा मदतीला आली, कक्का काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी खाती यांची मिळून एक परिषद बनली, आणि नोव्हेंबर २०१४मध्ये अष्टमुडीच्या या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी.

धक्क्यावरच्या एका वयस्क कक्का काढणाऱ्याला मी विचारलं, तीन महिने बंदी कशी पाळता? तो म्हणाला, आम्ही पाळतो असं नाही, शेजारी पाळायला लावतो. बंदीत कुणी पंजा घेऊन उतरला तर आधी ओरडा पडतो तो दुसऱ्या कक्कावाल्याचाच. सरकारी माणूस नंतर येतो.

तरीही अष्टमुडी निवांत नाही. शहराचं सांडपाणी आणि गाळ येतच आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत दक्षिण अमेरिकेतून आलेला मायटेला नावाचा परका शिंपला केरळच्या कायलांत पसरला आहे. गोड्या-खाऱ्या पाण्याचा फरक तो सहज सोसतो, दाटीने वाढतो आणि कक्क्याची जागा बळकावतो. सीएमएफआरआयने विळिंजमच्या हॅचरीत पूवन कक्क्याचं बीज तयार करून ते अष्टमुडीत सोडायला सुरुवात केली आहे. हे काम सोडणाऱ्यांपेक्षा राखणाऱ्यांवर अधिक अवलंबून आहे. लहान कक्का वाढू द्यायचा की नाही, हे धक्क्यावरच ठरतं.

परतीच्या प्रवासात वहिनी वही काढून बसल्या. त्यांच्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांच्या प्रकल्पातून २०१०नंतरच्या दशकात बचतगटांनी कालवं, काकई आणि खेकड्यांची शेती करून पाहिली. २०१७मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आणली, तिच्यातही कालवांची आणि काकईची शेती आहे. कांदळवनाची राखण करणाऱ्या गावाला त्याच पाण्यातून उत्पन्न मिळावं, ही त्यामागची कल्पना योग्यच आहे. ओहोटीच्या वेळी चिखलात, धारदार खडपांवर वाकून कालवं फोडणाऱ्या बायांच्या कमरेला आणि बोटांनाही तराफा सोयीचा.

वहिनींच्या वहीत मात्र कल्पनेला जागा नव्हती. बीज वेळेवर कुठून येणार. पावसाआधी माल एकदम निघाला तर साठवायचा कुठे. पाणी तपासून कागद कोण देणार. आणि सर्वांत वर, दोनदा अधोरेखित: खाडीतली जागा किती वर्षांसाठी, कोणाच्या नावावर. पहिले तीन प्रश्न पैसा आणि यंत्रणा यांनी सुटतात, आणि केरळात त्यांची थोडी-बहुत उत्तरं तयार आहेत. चौथा प्रश्न कागदाचा आहे, पण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

कारण शिंपल्याच्या शेतीचा पर्यावरणाला होणारा सर्वांत मोठा फायदा त्याच्या कल्ल्यांत नसून मालकाच्या वागण्यात आहे. खाडीत कारखान्याचं पाणी सुटलं, वाळू उपसणारा ड्रेजर आला, कांदळवनावर रात्री भराव पडला, तर आज तक्रार करायला जाणारा माणूस शोधावा लागतो. खाडी सगळ्यांची असते, म्हणून तिच्यासाठी कुणी कामावरून रजा घेत नाही. ज्या बाईच्या दोऱ्या त्या पाण्यात लटकलेल्या आहेत ती मात्र त्याच दिवशी तहसील कार्यालयात जाईल, कारण चार महिन्यांचं पीक मरायला एक रात्र पुरते. पण तिथे तिला पहिला प्रश्न विचारला जाईल तो असा की, तुमचा या पाण्याशी संबंध काय? त्याचं उत्तर देणारा कागद तिच्या पिशवीत हवा.

वहिनींनी गटासाठी जो अर्ज लिहायला घेतला, त्यात खांब आणि दोऱ्यांची मागणी दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्या क्रमांकावर त्यांनी खाडीतल्या जागेचा दहा वर्षांचा पट्टा मागितला आहे, गटाच्या नावावर. अनुदानाचे खांब एकदाच मिळतात. पट्टा मिळाला तर पुढचे खांब बायका स्वतःच्या पैशाने ठोकतील.